नवा माल आधी महिला संघाला

५ जानेवारी, सोमवार

एकतीस वर्षं इस्पितळाच्या भांडारात काढली, निवृत्त झालो, सात महिने घरात बसून हिला वैताग आणला आणि आज पुन्हा डबा घेऊन कामावर गेलो. या वेळी क्रिकेटच्या भांडारात. आपल्या शहराचा व्यावसायिक संघ आहे. खरं तर दोन आहेत, एक पुरुषांचा आणि एक महिलांचा. मालक एक, मैदान एक, सामानाची खोली एक, आणि आजपासून त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात.

सूनबाई महिला संघाच्या शिबिरात आहे म्हणून मी ही नोकरी धरली, असं हिचं म्हणणं. साफ खोटं. जाहिरात आली, अर्ज केला, त्यांनी घेतलं. सूनबाई तिथे असणं हा निव्वळ योगायोग आहे. ती लेगस्पिन टाकते. नातीच्या वेळी दोन वर्षं खेळ सुटला होता, आता कुठे परत बोलावणं आलंय. शिबिरात वीसजणी आहेत आणि महिनाअखेरीस त्यांतल्या पंधराच ठेवणार आहेत. या वेळी नाव लागलं नाही तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिने घरात एकदाच सांगितलं आणि त्यावर नंतर चकार शब्द काढला नाही. चिरंजीव नोकरीसाठी परगावी, पंधरवड्यातून एकदा येतात. म्हणजे काळजी करायला घरात आम्ही दोघंच, आणि ही काळजी करत नाही.

कामावर मला बाबा म्हणायचं नाही, अशी मी सूनबाईला ताकीद दिली आहे. वशिल्याचं बोलणं नको. सगळे म्हणतात तसं काका म्हणायचं. ती मान खाली घालून "बरं काका" म्हणाली. ते ऐकून नातही मला काका म्हणायला लागली आणि हिला हसून हसून उचकी लागली.

६ जानेवारी, मंगळवार

सामानाची खोली पाहून कपाळाला हात लावला. हेल्मेटांच्या ढिगात एक इस्त्री सापडली. बॅटांच्या पिंपात छत्री. चेंडूंच्या कपाटात तर नुसती पुठ्ठ्याची खोकी, फुगलेली, फाटलेली, एकात एक घुसलेली. त्यांवर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता. इस्पितळात आमचा दंडक असे की खोकं हे झुरळाचं माहेर. सगळी खोकी रिकामी करून रद्दीत दिली आणि पांढरेशुभ्र चेंडू फळ्यांवर ओळीने मांडले. अशी रांग पाहिली की मला फार बरं वाटतं.

चेंडू सगळे दिसायला सारखेच. फक्त काहींवर सोनेरी अक्षरांत १४२ आणि काहींवर १५६ असा आकडा. जन्मभर बाटल्यांवरचे आकडे वाचलेला माणूस मी, लगेच ओळखलं. बॅच नंबर. म्हणजे १४२ हा जुना माल आणि १५६ हा नवा.

आता जुना कुणाला आणि नवा कुणाला? मी दिवसभर डोळे उघडे ठेवून पाहिलं आहे. सरावाच्या जाळ्या महिलांच्या बाजूला गाठी मारलेल्या, पुरुषांच्या बाजूला कोऱ्या. महिलांच्या खोलीतला पंखा कुरकुरणारा. पॅडसुद्धा पुरुषांनी वापरून टाकलेले. तेव्हा माझ्या खोलीपुरता मी नियम केला: नवा माल आधी महिला संघाला, जुना पुरुषांना. वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवला. यात सूनबाईचा काही संबंध नाही. तिच्याशिवाय तिथे आणखी एकोणीसजणी आहेत.

घरी जेवताना हे सांगितलं. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, खरंच आधी आम्हाला? म्हटलं, खरंच. ताठ मानेने झोपायला जातो आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

काय दिवस होता. पुरुष संघाचा सराव म्हणजे आज जत्राच. कप्तानाने मारलेले चेंडू प्रेक्षागृहाच्या छपरावरून पलीकडच्या गोदामावर पडत होते. गोदामाचा रखवालदार दोनदा शिव्या द्यायला आला आणि तिसऱ्यांदा येऊन सराव बघत बसला. त्यांच्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू हवेत असा काही वळत होता की तो स्वतःच तोंडात बोट घालून उभा. त्यांचे प्रशिक्षक परदेशातून अजून यायचेत, त्यामुळे सगळा कारभार कप्तानाकडे, आणि कप्तान आज हवेत होता.

संध्याकाळी तो खिडकीशी आला. म्हणाला, काका, तुम्ही आल्यापासून हात मोकळा झालाय. मला उगाचच गुदगुल्या झाल्या. नंतर दोघेतिघे जाता जाता माझ्या पाया पडून गेले, थट्टेत असेल, पण पडले. घरी आल्यावर हिला म्हटलं, माझा पायगुण चांगला आहे. ही म्हणाली, पायगुण नव्या नवरीचा असतो, तुम्ही कुठल्या घरी नांदायला गेलात?

ही डायरी ही चोरून वाचते हे मला ठाऊक आहे. तर वाच. पायगुण आहे.

१२ जानेवारी, सोमवार

सूनबाई आल्यावर कोमट पाण्यात बोटं बुडवून बसली. अंगठीच्या बोटाचं पेर सुजलंय. म्हटलं, गार पाण्याने कपडे धूत जाऊ नकोस. ती बरं म्हणाली. विषय बदलावा म्हणून विचारलं, चेंडू कसे आहेत नव्या बॅचचे? तिने आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, छान आहेत बाबा, चकचकीत आहेत. मी नातीला खांद्यावर घेऊन घरभर नाचलो.

१५ जानेवारी, गुरुवार

मनात आहे ते लिहून टाकतो. सूनबाईचा चेंडू वळत नाहीये.

माझ्या खिडकीतून मैदानाचा अर्धाच भाग दिसतो, फलंदाजाकडचा. टाकणारी दिसत नाही, तिचा चेंडू पोचलेला तेवढा दिसतो. आज तो सरळ येत होता, शहाण्या मुलासारखा, आणि मार खात होता. मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण लेगस्पिन सरळ येऊन चालत नसावं. इतका नवा माल देऊनही असं का व्हावं? दोन वर्षांच्या खंडाने हाताची सवय मोडली असेल का? की आता वय? अठ्ठावीस म्हणजे काही वय नाही. हिला विचारलं तर म्हणाली, तुम्ही तुमच्या फळ्या पुसा.

उद्यापासून तिच्या गटाला सगळ्यांत चकचकीत चेंडू निवडून देणार आहे. वीसजणींत तिचाही गट येतो, त्याला माझा इलाज नाही.

१८ जानेवारी, रविवार

पुरुषांचा शेजारच्या शहराच्या संघाशी मैत्रीचा सामना. आम्ही सपाटून हरलो. कप्तानाने मारलेला चेंडू पहिल्यांदा वर गेला तेव्हा गोदामाच्या छपरावर सामना बघत बसलेला रखवालदार सवयीने बाजूला झाला. चेंडू सीमेच्या दहा पावलं अलीकडेच पडला, थेट एकाच्या हातात. त्याच्यामागून आलेला तस्साच. एकूण सात गडी सीमेजवळ झेल देऊन परतले, प्रत्येक जण आपल्या बॅटकडे संशयाने बघत. वेगवान गोलंदाजाचा चेंडू वळायचं नावच घेईना.

सामन्याचे चेंडू पंच आपल्याबरोबर आणतात, माझ्याकडचे नव्हते. तोच घोटाळा असणार. कप्तानाला तसं सांगितलं तर त्याने माझा हात धरून म्हटलं, तुमचेच चेंडू बरे होते काका. माझा ऊर भरून आला.

२३ जानेवारी, शुक्रवार

हे कसं लिहू ते कळत नाही. तरी लिहितो.

पुरुष संघाचे परदेशी प्रशिक्षक आज आले. उंच, हसरे, उन्हाने कान सोललेले. सरावातला एक चेंडू त्यांनी उचलला, हातात झेलून पाहिला आणि थांबले. दुसरा उचलला. मग लांब ढांगा टाकत माझ्या खिडकीशी आले. खाणाखुणा करून वजनकाटा मागितला. माझ्याकडे नव्हता. मग उपाहारगृहातला पीठ मोजायचा काटा आणला, आणि आचारी, कप्तान, मी असे सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो. चेंडू ठेवला. काट्यावर आकडा आला, एकशे बेचाळीस.

चेंडूवर काय लिहिलंय? एकशे बेचाळीस.

फळीवरचा दुसरा ठेवला. एकशे छप्पन्न.

बॅच नंबर नव्हे, वजन. महिलांच्या क्रिकेटचा चेंडू हलका आणि किंचित लहान असतो, पुरुषांचा जड आणि मोठा, हे जगात सगळ्यांना माहीत आहे, आचाऱ्यालासुद्धा. मला नव्हतं. गेले सतरा दिवस आमचे पहिलवान बायकांच्या चेंडूने षटकार मारत होते. प्रशिक्षक इतके हसले की पॅडच्या ढिगावर बसले. कप्तान हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गोदामाच्या छपराकडे पाहिलं.

मलाही क्षणभर हसू फुटलं होतं. मग दुसरी बाजू ध्यानात आली. महिलांना मी पुरुषांचे चेंडू देत होतो. मोठे, जड, आणि निवडून निवडून. उद्या त्यांचा निवडीचा सामना आहे. आज त्यांना सुट्टी, म्हणजे योग्य चेंडू एकदाही हातात न घेता त्या उद्या खेळणार. मॅनेजरने लेखी खुलासा मागितला. चार पानं लिहून दिली. शेवटच्या पानावर अक्षर वेडंवाकडं आलंय.

घरी गेलो तेव्हा सूनबाई नातीला भरवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घास तसाच हातात धरून तिने ऐकलं. मग म्हणाली,

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं बाबा. हातात घेतल्याबरोबर."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिने घास नातीच्या तोंडात दिला, तोंड पुसलं आणि म्हणाली,

"तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलंत, नवा माल आधी तुम्हाला. इतकी वर्षं खेळतेय, आधी आम्हाला असं कुणीच म्हटलं नव्हतं. मला ते मोडवेना."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही माहीत होतं. बोट कशाने सुजलं हे त्या दोघींनाही माहीत होतं आणि दोघी मूग गिळून माझं नाचणं बघत होत्या. मला फार लाज वाटली. लाजेच्या खाली कुठेतरी, लिहू नये पण लिहितो, फार फार बरंही वाटलं.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी महिलांचा निवडीचा सामना. शिबिरातल्याच वीसजणी, दहा-दहांचे दोन गट. चेंडू पंचांचे, बरोबर वजनाचे.

सूनबाईला पाचवं षटक मिळालं. मला खिडकीतून दिसलं ते असं: पहिला चेंडू थेट कीपरच्या डोक्यावरून गेला. दुसराही. तिसरा फलंदाजाच्या बॅटवर अलगद आला आणि तिथून गोदामावर. सतरा दिवस जड चेंडू फेकून लावलेली ताकद हलक्या चेंडूला झेपत नव्हती. एका षटकात एकवीस धावा गेल्या आणि तिला बाजूला केलं.

मी खोलीला कुलूप लावलं आणि सरळ महिलांच्या प्रशिक्षकबाईंकडे गेलो. या बाई कमी बोलतात. सगळे त्यांना घाबरतात, मीही. तरी सांगितलं की चूक माझी आहे, चेंडू मी उलटे दिले, त्या मुलीचा काही दोष नाही. आणि ती माझी सून आहे, हेही सांगून टाकलं.

बाई मैदानावरची नजर न काढता म्हणाल्या, "चेंडूंचं आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. आणि सून आहे हेही. ती तुम्हाला काका म्हणते तेव्हा दर वेळी जीभ चावते."

मी विचारलं, मग तुम्ही तक्रार का केली नाहीत. त्या म्हणाल्या, गेल्या वर्षी दोन केल्या होत्या, पॅडची आणि पंख्याची. उत्तर आलं नाही. या वेळी चेंडूही पुरुषांचे उरलेसुरले आलेले दिसतात असं धरून चाललो. ज्याला मी न्याय म्हणत होतो तो या वीसजणींना नेहमीचाच अन्याय वाटला होता, इतका नेहमीचा की कुणी विचारायलासुद्धा आलं नाही.

म्हटलं, तिला आणखी एक संधी द्या. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, चेंडू वीसजणींना तोच होता, मग एकटीला सवलत कशी देऊ? जायला वळलो तर म्हणाल्या, इथेच उभे राहा, हलू नका, प्रत्येकीला तीन षटकं मिळणारच आहेत.

म्हणून आज आयुष्यात पहिल्यांदा मी सूनबाईला चेंडू टाकताना पाहिलं. आमच्या घरी आली तेव्हा मी इस्पितळात जुंपलेला, मग नात झाली, मग ही अर्धी खिडकी. आज सगळी दिसली. सात पावलं येते, शेवटच्या पावलाला किंचित दबते आणि मनगट असं फिरवते की आपलंही फिरतं. दुसऱ्या षटकात चेंडू जाग्यावर पडायला लागला. तिसऱ्या षटकात वळायला लागला, आणि काय वळला! मोठा चेंडू धरून कणखर झालेली बोटं आता लहान चेंडूला भोवऱ्यासारखी पिळत होती. एकीचा मधला दांडा गेला. पुढची कीपरने यष्टिचीत केली. तिच्यामागून आलेली तर चुकीच्या बाजूला बॅट धरून उभी राहिली, आणि चेंडू दांड्याला लागल्यावर तिनेच टाळ्या वाजवल्या.

मी हललो नाही. बाई म्हणतात की मी उड्या मारत होतो. मला तसं आठवत नाही.

तरीही पहिल्या षटकाच्या एकवीस धावा आहेतच. निकाल सोमवारी.

२५ जानेवारी, रविवार

चिरंजीव आले. घरात कुणी क्रिकेटचं नाव काढलं नाही. मी चार वेळा फळ्या पुसल्या, घरातल्या.

२६ जानेवारी, सोमवार

यादी झेंडावंदनानंतर, अकरा वाजता फलकावर लागली. वरून वाचायची हिंमत झाली नाही म्हणून खालून वाचायला घेतली. पंधरावं नाव सूनबाईचं.

मी पुढची चौदा वाचलीच नाहीत. खोलीत आलो, दार लावलं आणि पॅडच्या ढिगावर बसून आधी रडलो, मग हसलो, मग दोन्ही एकदम झालं. हिला फोन केला. ही म्हणाली, मला माहीत होतं, येताना दूध घेऊन या. पण फोन ठेवताना हिचा आवाज चिरला होता. वाच, लिहिलंय.

गेलेल्या पाचजणी दुपारी सामान परत करायला आल्या. त्यांतल्या एकीचं बोटही सुजलेलं होतं. मी हात जोडून माफी मागितली. ती म्हणाली, काका, माझे झेल सुटले, तुमचे नाही. तरी संध्याकाळपर्यंत ते बोट डोळ्यांसमोर होतं.

मॅनेजरने माझा खुलासा वाचला. म्हणाले, चार पानं वाचून माझी सकाळ गेली, पुन्हा चूक केलीत तर एकच पान लिहा. नोकरी राहिली.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी चेंडू देत होतो, काट्यावर एकेक मोजून. खिडकीशी पावलं वाजली. वर पाहिलं तर सूनबाई, आणि तिच्यामागे चौदाजणी, अगदी ओळीने. प्रत्येकीच्या काखेत पॅड.

तिने आपले पॅड माझ्यापुढे ठेवले. पट्टे तुटलेले, कापूस बाहेर आलेला.

"बाबा, हे पुरुष संघाने वापरून टाकलेले आहेत," ती म्हणाली. "आम्हाला नवे हवेत. आणि खोलीतला पंखा."

कामावर बाबा म्हणाली, चौदाजणींसमोर, मोठ्याने. माझ्याने रागवणं झालं नाही. नियमाने बोलायचं म्हणून म्हटलं, अर्ज लागेल. तिने खिशातून घडी काढली. पंधरा सह्या, पहिली तिची. यादीत पंधरावी आलेली पोर अर्जावर सगळ्यांत वर.

असे कागद एरवी शिपायाबरोबर जातात आणि टेबलावर पडून राहतात. मी खोलीला कुलूप लावलं, पंधराही पॅडचे जोड ढकलगाडीत टाकले आणि स्वतः मॅनेजरच्या खोलीपर्यंत ढकलत नेले. कापूस वाटभर सांडला. मॅनेजरने अर्ज पाहिला, बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, आजच बघा. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. विचारलं, एवढी घाई कुणाची आहे?

मी म्हटलं, "माझ्या सुनेची."